चारशे सातचा नळ

हेमलता चौगुलेच्या खणात चार पेनं होती. एक निळं, एक काळं, एक जांभळट आणि एक मुद्दाम जपून ठेवलेलं, लिहिताना मध्येच अडखळणारं. शनिवारी दुपारी डबा खाऊन झाला, की ती नळवही पुढ्यात ओढायची आणि आठवडाभराच्या सह्या अर्ध्या तासात उरकायची. मंगळवारच्या निळ्या, शुक्रवारच्या काळ्या, आणि पानं फारच एकसारखी दिसायला लागली की अडखळणारं पेन. खरं काम करणाऱ्याचं पेन कधी ना कधी अडखळतंच, असं तिचं निरीक्षण होतं. तपासायला आलेल्या एकाही साहेबाला अकरा वर्षांत ते खोडून काढता आलं नव्हतं. उलट उत्कृष्ट नोंदींसाठी मिळालेली ढाल तिच्याच खोलीत, पान्यांच्या फळीच्या वर, लटकत होती.

तिला लबाड म्हणण्याआधी गणित बघावं. मिरजेच्या दंडोबा आरोग्यधामात नळ सहाशे बारा. नियम असा, की प्रत्येक नळ, वापरात असो वा नसो, आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं सोडायचा, पाण्याचं तापमान घ्यायचं आणि सही करायची. म्हणजे आठवड्याला एकशे दोन तास. पाणीविभागात माणसं चार, तिला धरून. गळके कॉक, तुंबलेली बेसिनं, रुसून बसलेले पंप, हे सगळं उरलेल्या वेळात. हेमलताला पाइप जोडता येत होते, तास जोडता येत नव्हते. मग वापरातले नळ तिची माणसं हातानं सोडत आणि बिनवापराचे पेनानं.

घोळ नेमका तिथंच होता, कारण वापरातल्या नळाची कुणाला भीती नसते.

लेजिओनेला नावाचा एक जीवाणू आहे. नद्या-तळ्यांत तो असतो आणि तिथं सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. इमारतीच्या पाइपात मात्र त्याची चंगळ होते. पाणी एका जागी थांबलं, की पाइपाला आतून बुळबुळीत थर धरतो. त्या थरात अमीबा राहतात आणि अमीबाच्या पोटात हा जीवाणू वाढतो. वीस अंशांच्या खाली तो सुस्तावतो, साठच्या वर मरतो. मिरजेत एप्रिल महिन्यात थंड म्हणवणाऱ्या नळाला चौतीस अंशांचं पाणी येतं, म्हणजे त्याच्यासाठी अगदी घरच्यासारखं. नळ किंवा शॉवर सोडला, की बारीक तुषार उडतात. ते श्वासाबरोबर फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. धडधाकट माणूस बहुधा निभावून नेतो. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवली आहे, त्याचा भरवसा देता येत नाही.

तपासणी पूर्वीही होत असे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, दहा दिवस वाट बघायची. उत्तर येईपर्यंत पेशंट एकतर घरी गेलेला असायचा, नाहीतर गेलेला असायचा. अन्विता भोकरे या एकोणतीस वर्षांच्या संशोधक मुलीनं ते दहा दिवस दहा मिनिटांवर आणले. तिची कल्पना सरळ होती. थरात खाणं आहे तोवर हा जीव शेपटीशिवाय पडून असतो. खाणं संपलं, की त्याला शेपूट फुटतं, तो पोहायला लागतो, आणि माणसाला बाधतो तो प्रामुख्यानं याच अवस्थेत. म्हणजे धोका हलतो. आणि जे हलतं ते टिपता येतं. तिनं तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बनवलं. त्याच्या आत केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढी पातळ पट्टी, तिच्यावर फक्त याच जीवाणूला धरून ठेवणारा लेप. शेपट्या वळवळल्या, की पट्टी थरथरते. यंत्राचं नाव तिनं ठेवलं ‘कानोसा’.

वाहत्या पाण्याची थरथर मात्र त्यातून वजा करावी लागते. त्यामुळे कुठला नळ कधी उघडला आणि किती वेळ उघडा राहिला, हेही कानोशाला आपोआप कळायचं. अन्वितानं ते बैठकीत एका वाक्यात सांगून टाकलं, आणि त्या एका वाक्यानं रुग्णालयाचं वागणं बदललं.

कानोसे बसायला जानेवारीत सुरुवात झाली, एकेक मजला करून. दुसऱ्याच आठवड्यात कळलं, की ऑपरेशनला जाण्याआधी दोन मिनिटं हात धुवावेत म्हणून सगळ्यांना झापणाऱ्या एका बड्या सर्जनांचा स्वतःचा नळ चाळीस सेकंद वाहतो. कुणी त्यांना काही बोललं नाही. पण ती चाळीस सेकंदं कँटीनपर्यंत पोचली आणि साहेब आता अडीच मिनिटं धुवायला लागले. हिशेब विभागातल्या बेसिनला दिवसभरात सहा सेकंद पाणी लागायचं, आणि तिथं माणसं नऊ. तिसऱ्या मजल्यावरचा एक नळ रोज अकरा वाजता सात मिनिटं वाहायचा. अन्विताला वाटलं गळती असेल. हेमलता जाऊन बघून आली आणि म्हणाली, “तो राहू दे. तिथली सिस्टर नळ सोडून रडते. तिचा मुलगा परदेशी गेलाय.” मग अन्वितानं तो आकडा तक्त्यातून काढून टाकला. हेमलताला पोरगी आवडली ती तेव्हापासून.

आवडली, आणि भीतीही वाटली. कारण कानोशाचा तक्ता एका कपाटात होता आणि नळवही दुसऱ्या. हे दोन कागद कुणी शेजारी ठेवले, की संपलं. अजून कुणाला ते सुचलं नव्हतं. मोठ्या संस्थांमध्ये कागद जितके वाढतात तितकी ही सोय वाढत जाते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इसाकचाचा दाखल झाला.

इसाक मुल्ला हा दंडोबा आरोग्यधामाचा मूळ मिस्त्री. सव्वीस वर्षांपूर्वी इमारत उभी राहिली तेव्हा तिचा प्रत्येक पाइप त्याच्या हाताखालून गेला होता. आयटीआयच्या तुकडीतली एकुलती एक मुलगी हाताखाली घ्यायला सांगलीत एकही ठेकेदार तयार नव्हता, तेव्हा यानं हेमलताच्या हातात पाना दिला आणि म्हणाला होता, “पाण्याला कळत नाही पाना कुणी फिरवला ते.” आता तो अडुसष्ट वर्षांचा होता. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, तीन वर्षं डायलिसिस. त्याची बायको शमीम त्याला मूत्रपिंड देणार होती. ऑपरेशन गुरुवारी. चौथ्या मजल्यावरच्या प्रत्यारोपण वॉर्डात चारशे दोन नंबरच्या खोलीत तो आणि चारशे तीनमध्ये शमीमचाची.

“काय गं हेमे, पाण्याला दाब नाही तुझ्या,” त्यानं आल्या आल्या बेसिनचा नळ सोडून बघत म्हटलं.

“तुमच्या काळातले पाइप आहेत चाचा. म्हातारे झालेत.”

“पाइप म्हातारा होत नाही. देखभाल म्हातारी होते.”

“ऐकलंस?” शमीमचाची पलंगावर पाय दुमडून बसत म्हणाली. “माझा अवयव घेणार, आणि पहिलं भांडण नळाशी. उद्या माझ्या किडनीलापण म्हणतील, दाब नाही.”

“म्हणणारच. मिस्त्री आहे मी.”

हेमलता हसली, पण डॉक्टरांनी बाहेर सांगितलेलं तिच्या डोक्यात घोळत होतं. चाचाच्या हातातली डायलिसिसची नस आता फार तर दोन आठवडे चालेल; दुसरीकडे जागा उरलेली नाही. ऑपरेशन झालं, की नवं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्यावर आणणार. त्या दिवसांत वॉर्डातलं पाणी सोवळ्यातलं हवं.

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता अन्विता पळत खाली आली. ती लिफ्टसाठी थांबली नव्हती.

“अक्का, चौथा मजला. चारशे पाच, सहा, सात. शेपट्या. चारशे सातमध्ये तर पट्टी नाचतेय.”

चारशे सात ही वॉर्डाच्या टोकाची खोली. आठ वर्षांपासून तिथं मोडक्या खाटा ठेवलेल्या. तिथल्या बेसिनचा नळ पेनानं सोडायच्या यादीत पहिला होता.

डॉक्टर नलिनी आरवाडे, रुग्णालयाच्या प्रमुख, यांचा माणसांवर विश्वास बेताचा आणि कागदावर दांडगा. त्यांनी दोन कपाटांतले दोन कागद मागवले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. हेमलता दारातच उभी राहिली.

“भोकरे, तुमचं यंत्र म्हणतं, चारशे सातचा नळ कानोसा बसल्यापासून, म्हणजे एकोणीस दिवस, उघडलेलाच नाही.”

“हो मॅडम.”

“नळवही म्हणते, त्याच दिवसांत तो पाच वेळा उघडला. तापमानासकट. चौतीस, साडेतेहतीस, चौतीस.” त्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे भडाभडा वाहणारा नळ तुमच्या यंत्राला ऐकू येत नाही. मग जीवाणूची शेपटी कशी ऐकू येईल?”

 अन्विताच्या चार वर्षांच्या कामाला एका ओळीत निकालात काढणारा प्रश्न होता तो, आणि तर्कात कुठं खोट नव्हती.

“जुन्या पद्धतीनं नमुना पाठवा,” डॉक्टर म्हणाल्या. “दहा दिवसांत कळेल. परवाचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे. त्या माणसाकडं फुकट घालवायला दिवस नाहीत, आणि बहिऱ्या यंत्राच्या शब्दावर मी वॉर्ड रिकामा करणार नाही.”

हेमलता बाहेर गेली. डॉक्टरांना वाटलं, विषय संपला. ती तीन मिनिटांत परत आली आणि तिनं टेबलावर चार पेनं मांडली.

“यंत्र बहिरं नाही मॅडम. वही खोटी आहे.”

डॉक्टर आरवाड्यांनी एकेक पेन उचललं आणि कोऱ्या कागदावर रेघ ओढून बघितली. चौथं अडखळलं.

“हे कशाला?”

“खरं वाटावं म्हणून.”

 अन्विता हेमलताकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी आनंद आणि धक्का होता, आणि दोन्हींना जागा पुरत नव्हती.

“किती वर्षं?”

“सगळे नळ नाही. जे कुणी वापरत नाही ते. चारशे सातचा, आठ वर्षं.”

“ढाल मीच दिली होती तुम्हाला.”

“हो मॅडम. फोटोत तुम्ही हसताय.”

डॉक्टरांनी वही मिटली. “तुमचं काय करायचं ते नंतर बघू. या इमारतीत अशा चार पेनांच्या वह्या आणखी किती असतील, तेही नंतर. आता मला पाणी हवंय. चौथा मजला रिकामा करा, ऑपरेशन पुढं ढकला. किती दिवस लागतील?”

“दोन दिवसांत सांगते.”

“मुल्लांच्या नसेला विचारून सांगा,” डॉक्टर म्हणाल्या.

दुपारपर्यंत पेशंट तिसऱ्या मजल्यावर गेले. संध्याकाळी हेमलतानं आणि तिच्या तिघा माणसांनी, तोंडाला मास्क लावून, चौथ्या मजल्याच्या सगळ्या लायनींमधून सत्तर अंशांचं पाणी सोडलं, प्रत्येक नळाला तीस मिनिटं. वाफेनं सगळ्यांचे चष्मे पांढरे झाले. अन्विताच्या पडद्यावरच्या रेषा एकेक करून आडव्या पडल्या. चारशे पाच शांत. सहा शांत. सात शांत. अन्वितानं हेमलताच्या दंडाला असं पकडलं, की नखं रुतली.

बुधवारी सकाळी चारशे सातची रेष पुन्हा थरथरत होती.

“मेले होते ना?” अन्विता म्हणाली.

“जिथं पाणी गेलं तिथले मेले.” हेमलता भिंतीकडं बघत होती. “आत कुठंतरी असा पाइप आहे, जो कुठंच जात नाही. त्यात पाणी शिरतं आणि बसून राहतं. गरम पाणी तिथं पोचतच नाही. तिथून हे पुन्हा पुन्हा बाहेर येणार.”

“नळांना गाळण्या लावल्या तर?”

“लावूच. पण बिळात साप ठेवून वर चटई अंथरायची झाली. त्यावर डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत, आणि मीपण करू देणार नाही.”

नकाशात असा पाइप नव्हता. ती तिसऱ्या मजल्यावर चाचाकडे गेली आणि तिनं सरळ विचारलं. चाचा आधी हसला, मग त्याचे डोळे चमकले.

“सापडली का तोंडं माझी? उशीर केलात.”

मग त्यानं सांगितलं. हा इथल्या जुन्या मिस्त्र्यांचा रिवाज होता. लाइन टाकताना एखाद्या ठिकाणी दोन-अडीच फूट पाइप जास्तीचा सोडायचा, टोपण घट्ट बसवायचं आणि भिंत बुजवायची. उद्या मालकाला आणखी एक बेसिन हवं झालं, तर सगळी भिंत फोडायला नको. त्याला म्हणायचं मुकं तोंड. आणि पुढच्या मिस्त्र्याला जागा कळावी म्हणून वर बसवायची फरशी मुद्दाम उलटी लावायची, फुलाचा देठ वर. नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरला याचा पत्ता नसायचा. सांगितलं तर तो पाइपाचे तुकडे मोजत बसायचा.

“पुढच्याची सोय,” चाचा म्हणाला. “या इमारतीत एकतीस ठेवलीत मी. खुणेसकट. सगळी पाठ आहेत.”

“चाचा, तुमची ही सोय न्यूमोनियाची धर्मशाळा झालीय.”

चाचाचा चेहरा उतरला. त्यानं हातातल्या फुगीर नसेवरून बोट फिरवलं. “आम्ही पाणी साठलं की शेवाळ धरतं एवढं जाणत होतो,” तो म्हणाला. “नळीत साठलेलं माणूस मारतं, हे कुणी सांगितलंच नाही.”

“आता सांगतेय. चौथ्या मजल्यावर किती?”

“पाच.” त्यानं बोटांवर मोजली. “चारशे एक, चारशे तीन, नर्सांच्या खोलीत दोन, जिन्याजवळ एक.”

“आणि चारशे सात?”

“तिथं नाही.”

“नीट आठवा.”

“हेमे, मला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण पाइप आठवतो.”

“खरंय,” शमीमचाची भिंतीकडं तोंड करून म्हणाली. “दोन्ही खरंय.”

चाचा पाय खाली सोडून बसला. “मला वर घेऊन चल. ऐकून बघतो.”

डॉक्टर आरवाड्यांनी आधी नाही म्हटलं, मग व्हरांड्यातून पुढं जायचं नाही, नळ उघडायचा नाही, चांगल्यातला मास्क काढायचा नाही, अशा तीन अटींवर हो म्हटलं आणि स्वतः चाकाच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. चाचानं हेमलताची हत्यारांची पिशवी मागितली. त्यातला लांब पेचकस काढला, त्याचं टोक व्हरांड्याच्या भिंतीला टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली.

अन्विता बघतच राहिली. “हे काय?”

“हा माझा कानोसा,” चाचा मास्कमधून म्हणाला. “चार्जिंग लागत नाही.”

हेमलता जिन्याजवळच्या मुख्य कॉकपाशी गेली. युक्ती अशी होती: कॉक अर्धा उघडायचा आणि झटक्यात बंद करायचा. वाहतं पाणी एकदम अडलं, की पाइपातून धक्का धावतो. लाइन उघडी असेल तर तो पुढं निघून जातो; बंद टोकावर आपटला तर दुप्पट जोरानं परत येतो. मिस्त्री तो कानानं ऐकतात. अन्वितानं लॅपटॉप मांडीवर घेतला. तिचे कानोसे तोच धक्का मोजणार होते, सेकंदाच्या हजाराव्या भागात.

“मार,” चाचा म्हणाला.

हेमलतानं कॉक झटकला. भिंतीतून ठक्क आवाज आला.

“जरा डावीकडं घ्या मला. मार.”

ठक्क.

“आणखी. मार.”

चौथ्या की पाचव्या झटक्याला चाचानं हात वर केला. त्याच क्षणी अन्विता म्हणाली, “चारशे सातच्या बेसिनपासून दोन मीटर दहा सेंटिमीटर, जिन्याच्या बाजूला.” चाचानं पेचकसाच्या टोकानं भिंतीवर फुली ओढली होती. डॉक्टर आरवाड्यांनी खिशातून टेप काढला. त्यांच्या खिशात टेप असायचा. बेसिनच्या जागेपासून फुलीपर्यंत त्यांनी दोनदा मोजलं.

“दोन मीटर तेरा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात प्रथमच काहीतरी हललं. “तीन सेंटिमीटरची चूक कुणाची?”

“यंत्राची,” चाचा म्हणाला.

“भिंतीची,” अन्विता म्हणाली.

सगळेच हसले, आणि हसता हसता घाई करायला लागले. खोली प्लॅस्टिकनं बंद केली, लाइन बंद केली. आठ वर्षांपूर्वी वॉर्डाचं नूतनीकरण झालं तेव्हा जुन्या फरशीवरच गुळगुळीत पांढरे तक्ते चिकटवले होते. चाचाला व्हरांड्यातून काचेआडून दिसेल असं हेमलतानं फुलीमागचा तक्ता पटाशीनं उचकटला. खालून जुन्या फरश्या निघाल्या, निळ्या फुलाच्या. सगळ्या फुलांचे देठ खाली. एकाचा वर.

“निघालं,” अन्विता म्हणाली.

हेमलताचा हात पटाशीवर तसाच राहिला. त्या उलट्या फरशीच्या कोपऱ्यात, सिमेंट ओलं असताना खिळ्यानं ओढलेली, एक बारीक कंगोऱ्याची रेघ होती. मिस्त्र्याची सही. चाचाच्या एकाही उलट्या फरशीवर अशी रेघ नसायची. त्याला गरज नव्हती.

तिला एकदम सगळं आठवलं. सव्वीस वर्षांपूर्वी चाचा बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस गेला होता. जाताना चारशे सातची लाइन तिच्या हवाली करून गेला. पहिली लाइन, एकटीची. तेविसाव्या वर्षी तिनं ती टाकली आणि उस्तादासारखं मुकं तोंड ठेवलं, उस्तादासारखी फरशी उलटी लावली आणि वर स्वतःची रेघ ओढली. चाचा परत आल्यावर सांगायचं होतं. त्यानं आल्या आल्या विचारलं, लाइन सरळ आहे का, ती म्हणाली, आहे, आणि तो पुढच्या मजल्यावर गेला. मग कधीतरी चकित करू म्हणून राहिलं. मग सहाशे बारा नळ आले आणि विसरूनच गेलं.

ती व्हरांड्यात आली. मास्क काढून बोलायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

“चाचा, बत्तिसावं माझं आहे.”

“हो. ते मघाशीच कळलं.”

“कसं?”

“धक्का ऐकला ना. इतकं घट्ट टोपण मी बसवत नव्हतो.” चाचानं पेचकस पिशवीत ठेवला. “ढिलं असतं तर पहिल्याच वर्षी गळलं असतं, भिंत ओली झाली असती, कुणीतरी फोडून काढलं असतं. तू काम चांगलं केलंस. म्हणून सव्वीस वर्षं कुणाला सापडलं नाही.”

 तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

“आता रडत बसू नको. आणखी एकतीस आहेत. पाटी-पेन्सिल घे, सांगतो.”

पुढचे आठ दिवस दंडोबा आरोग्यधामात ठोकाठोक चालली. तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेवरून चाचा सांगायचा, हेमलता फोडायची, कानोसा खात्री करायचा. कधी चाचा आधी बरोबर यायचा, कधी अन्विता. कँटीनमध्ये दोघांचे गुण लिहिलेला फळा लागला आणि सर्जनसाहेबांनी चाचाच्या बाजूनं चहाची पैज लावली. बत्तीसच्या बत्तीस तोंडं मुळापासून कापली गेली, पाइप सरळ जोडले गेले. चारशे सातच्या तुकड्यातून जो काळपट थर निघाला, तो अन्वितानं बरणीत घालून मुलीचा पहिला दुधाचा दात जपावा तसा जपून ठेवला. डॉक्टर आरवाड्यांनी पाणीविभागाला आणखी पाच माणसं दिली. हेमलताची पगारवाढ मात्र दोन वर्षं रोखली. तिला हे दोन्ही योग्य वाटलं. एकाच कागदावर, एकाच सहीनं आलं होतं.

नवव्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या सगळ्या रेषा आडव्या होत्या. दहाव्या दिवशीही. नस अजून टिकून होती. अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता चाचाला आणि चाचीला शेजारी शेजारी आत नेलं.

दुपारी पावणेदोनला सर्जन बाहेर आले. हेमलता उभी राहिली. त्यांनी मास्क खाली केला. “जोडणी होताच टेबलावरच लघवी सुरू झाली,” ते म्हणाले. “दोघंही ठीक. आणि हात तीन मिनिटं धुतले, तक्ता बघा हवं तर.”

पाचव्या दिवशी तिला, झगा-टोपी घालून, चारशे दोनमध्ये जायला परवानगी मिळाली. चाचा उशांना टेकून बसला होता, अशक्त, पण रंग परत आलेला.

“लाइन चालू झाली हेमे,” तो म्हणाला. “दाब एक नंबर.”

“मी दिलीय,” चाची शेजारच्या खुर्चीतून म्हणाली. “सगळं मोहल्ल्याला सांगा, पण तेवढं विसरू नका.”

हेमलतानं बरोबर आणलेली गुंडाळी पलंगावर पसरली. इमारतीचा नवा नकाशा होता. बत्तीस ठिकाणी बारीक लाल फुल्या, प्रत्येक फुलीपुढं तारीख आणि ज्यानं तोंड ठेवलं त्याचं नाव. एकतीस वेळा ‘इसाक मुल्ला’. बत्तिसाव्यापुढं ‘हेमलता चौगुले’. नावं सगळी एकाच निळ्या पेनानं.

चाचानं चष्मा लावून नकाशा सावकाश वाचला. बोट फिरवत फिरवत चारशे सातवर आला.

“नव्या जोडणीत पुढच्यासाठी काय ठेवलंस?”

“हेच. नकाशा.”

त्यानं मान हलवली. मग हात पुढं केला. “पेन दे.”

ती पेन देताना थोडी दचकली. चाचानं बत्तिसाव्या फुलीपुढं, तिच्या नावाखाली, थरथरत्या अक्षरात लिहिलं: ‘इसाक मुल्ला’.

“चाचा, नोंद खोटी होतेय. आता नाही चालणार.”

“खोटी कशी? तोंड ठेवायला शिकवलं कुणी?”

“मी ठेवलं ते.”

“मग तुझं वर आहेच की. मी कुठं खोडलंय?”

हेमलतानं नकाशाकडं पाहिलं. वर एक नाव, खाली एक नाव. बराच वेळ ती ते तपासत राहिली, अकरा वर्षांत नळवही तपासायला आलेल्या एकाही साहेबानं तपासलं नव्हतं इतक्या बारकाईनं. चूक सापडेना. तिनं गुंडाळी बांधली, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून हात धुवायला लागली.

“किती वेळ धुणार आहेस?” चाचा म्हणाला. “खाली त्या पोरीला वाटेल, कुणी रडतंय.”

“वाटू दे,” हेमलता म्हणाली, आणि तिनं नळ तसाच चालू ठेवला.